उमाबाईंच्या पेन ड्राइव्हला सगळ्यांचा हात

कॉम्प्युटरला मी घाबरत नाही. माझ्या वयाची माणसं माऊस धरताना विंचू धरल्यासारखा धरतात. माझं तसं नाही. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलेल्या माणसाला कॉम्प्युटरचं काय वाटणार? तोही सांगितलं तर ऐकतो, समजलं नाही तर गप्प बसतो, फार झालं की अडून बसतो. असली कितीतरी लेकरं मी मार्गाला लावली, तेव्हा हे एक खोकं मला जड नाही, अशी माझी खात्री होती. होती म्हणतोय, हे लक्षात घ्या.

हा कॉम्प्युटर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला निवृत्तीच्या दिवशी दिला. शाल आणि नारळ सगळ्यांनाच मिळतो. त्या पोरांचे उपकार मी रोज आठवतो, कारण या खोक्यामुळं माझ्या घरात अजून लेकरं येतात. सास्तूरच्या अलीकडं आमचं गाव. भूकंपानंतर बांधलेल्या घरांच्या सरळ ओळी. सगळी घरं सारखी. तिसऱ्या ओळीत ज्या दारासमोर बारक्या चपलांचा ढीग दिसेल, ते माझं. सुट्टी असली की नऊ लेकरं कॉम्प्युटर शिकायला येतात.

माझा शिकवायचा एकच नियम आहे. एकानं करायचं आणि बाकीच्यांनी बघायचं, हे माझ्याकडं चालत नाही. प्रत्येकाचा हात लागला पाहिजे. हा नियम मी आमच्या यात्रेतून घेतला. रथ ओढताना दोराला गावातल्या प्रत्येकाचा हात लागतो. तान्ह्या लेकराचीसुद्धा मूठ सोडवून दोराला टेकवतात. ज्याचा हात राहिला, त्याला वर्षभर चुकल्यासारखं होतं. "जितके हात जास्त, तितका रथ हलका," असं मी लेकरांना कायम सांगतो. रथाच्या बाबतीत ते खरं आहे. सध्या एवढंच बोलतो.

आता उमाबाईंबद्दल. उमाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. माहेर कर्नाटकातल्या आळंदचं, त्यामुळं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. ताट घेऊन उठलेल्या प्रत्येक लेकराला त्या विचारायच्या, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. लेकरानं म्हणायचं, "ऊटा आयतु." म्हणजे झालं. ताटात शीत दिसलं, तर झालेलं नाही असं धरून त्याला परत बसवायच्या. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांना पाढे मी दिले, पण पाढे म्हणायची ताकद या बाईनं दिली, हे मी कुणाहीपुढं कबूल करीन.

यंदा त्यांचे गुडघे बोलायला लागले. आळंदला राहणारी त्यांची लेक शिवप्रिया म्हणाली, "अव्वा, आता पुरे, इकडं ये." दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी उमाबाई गाव सोडणार, असं ठरलं.

लेकरंही उमाबाईंना अव्वाच म्हणायची, म्हणजे आई; त्यांनी ठरवलं, अव्वासाठी पिक्चर काढायचा. प्रत्येकानं कॅमेऱ्यापुढं आपलं रिकामं ताट दाखवायचं, "ऊटा आयतु, अव्वा" म्हणायचं आणि मनातलं काहीतरी सांगायचं. शूटिंग केलं रुद्रेशनं. हा माझाच विद्यार्थी. लग्नसराईत व्हिडिओ काढतो आणि लग्नं नसली की सोयाबीनचं मळणी यंत्र फिरवतो. लग्नाच्या कॅमेऱ्यानं काढल्यामुळं पिक्चर इतका स्वच्छ आला, की दिग्विजयच्या दातातला भात दिसत होता. आणि इतका मोठा झाला, की मोबाइलवरून जाईना. जाऊनही उपयोग नव्हता, कारण उमाबाईंचा फोन बटणाचा. पण लेकीच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लागत होता. रुद्रेशनं पिक्चर माझ्या कॉम्प्युटरमध्ये टाकला, अख्खी लग्नसराई मावेल एवढा मोठा पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "गुरुजी, यवढं कॉपी करून अव्वाला द्या. मला चिंचोलीकरांचं सोयाबीन काढायचंय."

मी सकाळीच उमाबाईंना सांगून आलो, "तुमची ट्रंक भरून व्हायच्या आत पिक्चर तुमच्या हातात."

"मला टीव्ही लावता येत न्हाय गुरुजी," उमाबाई म्हणाल्या. "पर लेकरं दिसतील म्हनताव तर शिकते. दिसतील ना?"

"दिसतील. माझा शब्द."

शब्द दिला आणि घरी आलो. नऊ जणांना कॉम्प्युटरभोवती बसवलं. पेन ड्राइव्ह लावला. "बघा, आधी कॉपी. मग इकडं यायचं. मग पेस्ट." हिरवी पट्टी असलेली खिडकी उघडली. अर्धा तास लागेल, असं तिनं लिहून दिलं. लेकरांनी टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात शंभुलिंग आला. हा माझा शेजारी आणि पिठाच्या गिरणीचा मालक. "गुरुजी, उमाबाईंची ट्रंक थांब्यावर न्यायची. मोटारसायकलवर मागं धरून बसायला माणूस पायजे. चला."

निघता निघता मी लेकरांना म्हणालो, "मी केलं तसं आता एकेकानं करून बघा. आधी आपापल्या नावाचं फोल्डर, मग त्यात पेस्ट. सगळ्यांचा हात लागला पाहिजे."

सरावाच्या फोल्डरमध्ये एक आंब्याचा फोटो आहे. त्यांनी तो कॉपी करावा, असं माझ्या मनात होतं. मनात होतं. तोंडातून बाहेर आलं नाही.

ट्रंक पोचवून, थांब्यावर चहा पिऊन परत आलो, तर नऊ जण देवळात बसल्यासारखे शांत. हिरवी पट्टी जिथं होती, जवळजवळ तिथंच. आणि अर्धा तास म्हणणारी खिडकी आता नऊ तास म्हणत होती.

"कुणी काही केलं का रे?"

"न्हाय गुरुजी," नंदीश म्हणाला. नंदीश सगळ्यांत मोठा, सातवीतला. "तुमी सांगितलं तेवढंच केलं."

शहाणी लेकरं. मी त्यांच्यावर शंका घेतली नाही. माऊस हलवला. बाण पडद्यावर चिखलातल्या म्हशीसारखा निघाला. थांबला. पुन्हा निघाला. मी रिफ्रेश केलं. रिफ्रेश व्हायलाच इतका वेळ लागला, की मधे मला एक डुलकी आली.

माझी बायको राजेश्वरी दारातून बघत होती. "गरम झालाय तो. घाम पुसायला पायजे."

"कॉम्प्युटरला घाम येत नाही."

"हात लावून बघा."

हात लावला. तव्यासारखा तापला होता. कारण असं, की राजेश्वरीनं त्याला स्वतः क्रोशाचं कव्हर विणलंय. पडद्याला एक आणि खालच्या डब्याला एक, झालरीसकट. कव्हर काढलं, तर मागच्या जाळीतून खंडेनवमीच्या पूजेतल्या झेंडूच्या पाकळ्या आणि विभूती बाहेर आली. अवजारांची पूजा करायची म्हणजे मनापासून, अशी तिची रीत. मी जुन्या दात घासायच्या ब्रशनं सगळं झाडलं. लेकरांनी वह्यांनी वारा घातला. पंखा डब्याच्या तोंडासमोर आणून ठेवला. डबा थोडा निवला, पण पट्टी काही हलेना.

"करंट कमी पडतोय," शंभुलिंगनं निदान केलं. त्याच्या मते जगातला कुठलाही रोग करंट कमी पडल्यानं होतो. "माझी गिरणी चालू हाय ना, ती सगळं ओढून घेते. थांबा, बंद करून येतो."

"अरे, दळण चालू असेल लोकांचं."

"उमाबाईपेक्षा दळण मोठं न्हाय गुरुजी."

त्याच्या या बोलण्यानं माझा ऊर भरून आला. गिरणी बंद झाली. मग शंभुलिंग आमच्या ओळीत घरोघर हिंडला. पंखे बंद, टीव्ही बंद, एकाची पाण्याची मोटार बंद. सगळी ओळ अंधार करून बसली. कॉम्प्युटर मात्र होता तिथंच.

आमच्या दारात मात्र आता गर्दी व्हायला लागली. दळणाचे डबे डोक्यावर घेऊन बायका आल्या. सगळ्यांत पुढं लक्ष्मीबाई. "गुरुजी, माझी अर्धी ज्वारी गिरणीत अडकलीय. पीठ म्हनावं तर पीठ न्हाय, कण्या म्हनावं तर कण्या न्हाय. पाहुणे बसलेत घरी. त्यांना काय खाऊ घालू, कॉम्प्युटर?"

"उमाबाईंचा पिक्चर अडकलाय, लक्ष्मीबाई."

"कुठं अडकलाय?"

"या डब्यातून त्या काडीत जाईना."

लक्ष्मीबाईंनी डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि कॉम्प्युटरकडं असं बघितलं, जणू तो त्यांचा न जेवणारा नातू आहे. "मग आमी थांबतो. ज्वारी कुठं पळून चाललीय?"

बायका ओसरीवर बसल्या. आता माझ्यावर लेकरांचं, गिरणीचं, एका अख्ख्या ओळीचं आणि लक्ष्मीबाईंच्या पाहुण्यांचं ओझं होतं. शेवटी मी रुद्रेशला फोन लावला. तिकडं मळणी यंत्राचा आवाज. दोघंही ओरडून बोलत होतो.

"रुद्रेश, कॉपी होईना! नऊ तास दाखवतोय!"

"नऊ? अर्धा तास लागायला पायजे! गुरुजी, एका वेळी किती टाकलेत?"

"एकच!"

"नक्की एकच?"

"अरे, माझ्या हातानं टाकलाय. एकच!"

"मग अँटिव्हायरस बंद करून बघा!"

बंद केला. म्हणजे बंद करायला सांगितलं. कॉम्प्युटरनं विचार करायला वेळ घेतला. पट्टी हलली नाही. पुन्हा फोन.

"गुरुजी, कसं असतंय, माझ्या यंत्रात एकदम चार पेंढ्या कोंबल्या की ते जाम होतंय. एक-एक घातली की खातंय. तसं काय झालंय का बघा. एकाच्या जागी जास्त तर न्हाय ना पडल्या?"

"तुला किती वेळा सांगू? एकच पेंढी आहे!"

जन्मभर मी मुलांना सांगत आलो, की उत्तर द्यायच्या आधी एकदा ताळा करून बघावा. त्या दिवशी रुद्रेशनं तीनदा विचारूनही मी ताळा केला नाही.

थांब्याकडून नंदीशची आई आली. "गुरुजी, उमाबाई इचारायल्यात, झाला का पिक्चर? बस येईल आता. त्या सारख्या रस्त्याकडं न बगता तुमच्या घराकडंच बगायल्यात."

काहीतरी करायचं म्हणून मी हिरव्या पट्टीची ती खिडकी माऊसनं धरली आणि रागारागानं बाजूला ओढली.

खिडकी सरकली. तिच्या मागं दुसरी खिडकी होती.

ती ओढली. तिच्या मागं तिसरी.

ताज्या भाकरीची चवड असते ना, वरून एकच दिसते आणि उचलावी तर खाली दुसरी, तशा त्या एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत एक हिरवी पट्टी. प्रत्येक पट्टी मुंगीच्या पावलानं चाललेली.

"ही माझी," बारकी शिवगंगा आनंदानं म्हणाली. शिवगंगा दुसरीत आहे.

"ही माझी," दिग्विजय म्हणाला. "तिच्या आदी माझी व्हती."

"ती खालची माझी," नंदीश म्हणाला. "तुमच्यानंतर पयला नंबर माझा."

मी नऊ जणांकडं बघितलं. नऊ चेहरे शाबासकीची वाट बघत होते. प्रत्येकानं पेन ड्राइव्हवर आपल्या नावाचं फोल्डर केलं होतं, आणि प्रत्येकानं आपल्या फोल्डरमध्ये अख्खा पिक्चर ओढायला लावला होता. माझा धरून दहा. रथ एक आणि दोर एक, असं मी समजत होतो. लेकरांनी दहा रथ एकाच बोळात घातले होते.

"अरे, पण मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच न्हाय," शिवगंगा म्हणाली. "तुमी म्हनला, सगळ्यांचा हात लागू द्या. सगळ्यांचा लागला. मी दोनदा मोजलं."

धडा चोख गिरवला होता. मी जन्मात शिकवलेला इतका चोख धडा दुसरा नसेल.

रुद्रेशला खरं सांगितलं. मळणी यंत्र थांबवून तो हसला. मग म्हणाला, "एक ठेवा, बाकी सगळे कॅन्सल करा. अजून गाठता येईल बस."

सोपं होतं. सगळ्यांत आधी मी माझा कॅन्सल केला. शिक्षकानं आधी स्वतःपासून सुरुवात करावी. मग माऊस घेऊन थांबलो. आता कुणाचा?

ज्याच्या खिडकीवर बाण जाई, त्याचा चेहरा उतरे. दिग्विजयनं तर बाण जवळ येताच डोळेच मिटले.

मग शिवगंगा हळू आवाजात म्हणाली, "गुरुजी, माझा मारा. फक्त फोल्डर ऱ्हाऊ द्या. रिकामं असलं तरी नाव दिसंल अव्वाला."

"तिचा नको, माझा मारा," नंदीश म्हणाला. "मी मोठा हाय."

"माझा बी मारा," दिग्विजय डोळे मिटूनच म्हणाला.

"काय मारायलाव रं?"

दारात उमाबाई उभ्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवून, धापा टाकत. थांब्यावरून चालत आल्या होत्या. बायकांनी वाट करून दिली.

मी सगळं सांगितलं. म्हणजे मी सुरुवात केली आणि नऊ जणांनी मिळून सांगितलं. उमाबाईंनी पडद्यावरच्या खिडक्या बघितल्या, मग लेकरं बघितली.

"म्हंजे येकेकानं मला येकेक पिक्चर दिलाय?"

"उमाबाई, पिक्चर एकच आहे हो. तोच तो."

"येकच कसा? ह्येचा ह्येनं दिलाय, तिचा तिनं दिलाय. तुमी गुरुजी असून असं कसं बोलताव?"

बाहेर बसचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. शंभुलिंग पळत आला. "उमाबाई, चला, ट्रंक वर चढवलीय. कंडक्टर थांबलाय, पर लई वेळ न्हाय थांबणार."

मी माऊस पुढं केला. "उमाबाई, एकाचं नाव सांगा. तेवढाच ठेवतो, बाकीचे नंतर पाठवीन. नाहीतर रिकाम्या हातानं जावं लागेल."

उमाबाई नऊ जणांकडं बघत राहिल्या. शाळेत त्यांनी कधी एका लेकराला वाढून दुसऱ्याला उपाशी ठेवलं नव्हतं. त्या सरळ खाली बसल्या.

"कुनाचाबी काडू नका. म्या सकाळच्या गाडीनं जाते. शंभुलिंग, कंडक्टरला सांग, जाऊ दे."

शंभुलिंग गेला, सांगितलं आणि बस गेली. ती गेल्यावर सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की ट्रंक बसवरच आहे.

ट्रंक उमरग्याला गेली. डेपोत मुक्काम करून सकाळी त्याच बसनं परत आली. उमाबाईंपेक्षा ट्रंकेचा प्रवास जास्त झाला. कंडक्टर भला माणूस. त्यानं तिला रात्रभर आपल्या खोलीत ठेवलं आणि सकाळी "घ्या तुमची माहेरवाशीण" म्हणून दाखवली.

त्या संध्याकाळी गिरणी पुन्हा चालू झाली. लक्ष्मीबाईंची ज्वारी दळून निघाली. त्यांनी पाहुण्यांसकट सगळ्यांना आमच्याकडंच बोलावलं आणि बायकांनी अंगणात भाकरी थापल्या. उमाबाईंनी आमच्या चुलीवर खिचडी केली. कॉम्प्युटरला आम्ही हात लावला नाही, कव्हर घातलं नाही, निदान केलं नाही. तो आपला एकटा बसून नऊच्या नऊ पिक्चर ओढत राहिला. लेकरं जेवून उठली, तसं उमाबाईंनी प्रत्येकाला विचारलं, "ऊटा आयता?" आणि प्रत्येकानं ताट दाखवलं. शिवगंगाच्या ताटात शीत होतं. तिला परत बसवलं.

सकाळी पेन ड्राइव्ह तयार होता. तो उमाबाईंनी कनवटीला खोचला. बस निघाली तेव्हा नऊ हात वर होते. माझा दहावा.

पुढं काय झालं ते सांगतो. दिवाळी झाल्यावर शिवप्रियाचा फोन आला. अव्वाला तुमच्याशी बोलायचंय, म्हणाली. मी लेकरांना गोळा केलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"सगळे बघितले," उमाबाई म्हणाल्या. "दिवसाला येक बघितला. शिवप्रिया म्हनते, अव्वा, सगळे सारखेच हायत. तिला काय कळतंय? नंदीशच्या पिक्चरला मला रडू आलं. शिवगंगाच्या पिक्चरात दिग्विजय जरा बारीक दिसला. खातोय का न्हाय नीट?"

"खातोय अव्वा," दिग्विजय म्हणाला. तो अजिबात बारीक नाही.

"सगळ्यांचं नाव दिसलं. सगळ्यांचा पिक्चर लागला. देव बरं करो लेकरांचं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "गुरुजी, येक इचारू का? राग येऊ देऊ नका."

"विचारा ना, उमाबाई."

"तुमचा न्हाय आला पिक्चर. शिवप्रियाला दोनदा शोधाय लावलं. मी म्हनलं, असू दे, कामात असतील."

नऊ लेकरं माझ्याकडं बघत होती. पेन ड्राइव्हचा हा सगळा रथ ज्यानं हलवला, त्याचाच हात तेवढा दोराला लागला नव्हता. मी फोन तोंडाजवळ नेला.

तेवढ्यात राजेश्वरी आतून मोठ्यानं म्हणाली, "उमाबाई, त्यांचा बी येतोय. आमचे हे पहिल्यापासून जरा स्लोच हायत."